पोपडे मोजणारीचा दिवस

पहाटे ५.३०

एप्रिलचा दुसरा आठवडा. बहुतेक साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गळीत संपलं, की आमचा हंगाम सुरू होतो. गळीत चालू असताना बॉयलरच्या आत कोणी जाऊ शकत नाही. तो विझला, थंड झाला, राख निघाली, की फोन यायला लागतात. मी धातूंची तपासणी करते. गरम वायूत वर्षानुवर्षं राहिलेल्या पोलादावर जो पोपडा धरतो, तो पाहून खाली किती धातू उरलाय आणि तो अजून किती टिकेल हे सांगायचं, हा माझा धंदा.

पिशवी रात्रीच भरलेली. नळीची जाडी मोजायचा डी-मीटर, जेलची बाटली, एमरी पेपर, दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा, धातू कोरायच्या नायटलची कुपी, धातूच्या पृष्ठभागाचा ठसा घ्यायची फिल्म, टॉर्च आणि दोरीला बांधलेलं एक चुंबक. सगळ्यात स्वस्त वस्तू चुंबक, आणि पहिला निकाल बहुतेक वेळा तेच देतं.

वाघोली आणि कोरेगाव भीमा सातच्या आत मागे टाकायचं, नाहीतर कंपन्यांच्या बसगाड्यांमागे बसून राहायचं. सणसवाडी, शिक्रापूर, मग रांजणगाव. महागणपतीला गाडीतूनच हात जोडते.

सकाळी ७.१५

रांजणगाव एमआयडीसीच्या आसपासचं एक हीट ट्रीटमेंटचं युनिट. वाहनांचे गिअर, शाफ्ट, पिना इथे येतात, ९२० ते ९३० अंश सेल्सिअसला कार्बन देणाऱ्या वायूत काही तास राहतात आणि तिथून थेट तेलात बुडतात. गिअर हा प्रवास जन्मात एकदाच करतो. त्याला आत नेणारी बास्केट तो रोज करते. म्हणून गिअरपेक्षा बास्केटचं पोलाद कितीतरी महाग असतं. साधारण ३५ टक्के निकेल, १७ टक्क्यांच्या आगेमागे क्रोमियम, उरलेलं बहुतेक लोखंड.

नव्या बास्केटला चुंबक चिकटत नाही. आज समोर ठेवलेल्या जुन्या बास्केटच्या कोपऱ्याला ते टक्कन बसलं. सुपरवायझरला मी ते हाताने ओढून बघायला सांगितलं. झालंय असं, की भट्टीतला कार्बन बास्केटमध्येही शिरलाय. आत शिरला की तो सगळ्यात आधी क्रोमियमला धरतो आणि दोघांचे कठीण कण तयार होतात. उरलेला धातू क्रोमियमला मुकतो, आणि असा मुकलेला धातू चुंबकाला ओळख देतो. हे क्रोमियमच बास्केटची राखण करत होतं. त्याच्या ऑक्साइडचा जो पातळ, घट्ट थर पृष्ठभागावर धरतो, त्याच्यामुळे पुढचं ऑक्सिडेशन मंदावतं. आता थर तुटला तर पुन्हा धरायला माल नाही. शिवाय कोपरा ठिसूळ झालाय, एक दिवस आतल्या मालासकट तेलाच्या टाकीत बसेल.

“मॅडम, पुढची ३१० ग्रेडची करून घेतो. कॅटलॉगमध्ये ११५० पर्यंत चालतं लिहिलंय.”

हे वाक्य मला प्रत्येक ठिकाणी ऐकू येतं, फक्त आकडा बदलतो. ३१० ग्रेडच्या स्टेनलेसला ११५० अंश चालतात ते हवेत, आणि तेही सतत गरम ठेवलं तर. त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात दुसरा आकडा असतो, साधारण १०३५. तो तापवून थंड करत राहिल्याचा. ३०४ चंही तसंच, सतत ९२५, अधूनमधून ८७०. गरमच राहणारा तुकडा जास्त तापमान सोसतो आणि अधूनमधून विश्रांती मिळणारा कमी, हे ऐकून लोक चक्रावतात. पण पोपडा आणि धातू थंड होताना सारखे आकसत नाहीत. धातू जास्त आकसतो, पोपडा कमी, आणि मधला जोड सुटतो. शेणाचं पातळ सारवण जमिनीला धरून राहतं, एकावर एक थर चढले की वाळताना पोपडे उठतात, तसंच हे. इथे तर बास्केट लाल असताना तेलात जाते. आणि मुळात भट्टीत हवा नाही, कार्बनचा वायू आहे, तेव्हा हवेतला आकडा इथे लावायचाच कशाला? निकेल जास्त असेल तर कार्बन आत मुरायला वेळ लागतो. ३१० मध्ये निकेल २० टक्के. ३५ वालीच घ्या म्हटलं, आणि कोपऱ्यांची गोलाई वाढवून घ्या.

निघता निघता भट्टीचा कंट्रोलर पाहिला. पडद्यावर ९२०. थर्मोकपल के टाइपचं, म्हणजे एक तार निकेल-क्रोमियमची. ती तार एका बंद नळीत असते. नळीत ऑक्सिजन अगदी थोडा उरला, की ८०० ते १०५० अंशांच्या पट्ट्यात तारेतलं निकेल तसंच राहतं आणि एकटं क्रोमियम ऑक्सिडाइझ होतं. तार तोडली तर आत हिरवट दिसते. अशी तार खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवते. कंट्रोलरला वाटतं भट्टी थंड पडली, तो आणखी उष्णता लावतो, आणि पडदा शांतपणे ९२० च सांगत राहतो. ज्या रोगाचा तपास करायचा, तोच तापमापकाला जडलेला. मी शेजारी दुसरं, तपासलेलं थर्मोकपल लावून तुलना करायला सांगितली आहे. दुपारपर्यंत कळेल.

सकाळी १०.१५

शिरूर. बाजारातून ग्राइंडरच्या चकत्या घेतल्या, चहा घेतला आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागले. हा रस्ता शिरूर तालुक्यातून भीमा ओलांडून थेट दौंड तालुक्यात चौफुल्याला उतरतो. न्हावऱ्याला घोडगंगा साखर कारखाना, पुढे ऊसच ऊस.

गाडी चालवताना माझ्या डोक्यात एक जुनं गणित चालू असतं. गुस्ताव टामान या जर्मन संशोधकाने १९२० मध्ये मांडलं, की धातूवरचा थर जसा जाड होतो तशी त्याची वाढ मंदावते, कारण पुढचा अणू आधीच्या थरातून वाट काढत जातो. जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एका हंगामात थर ०.१ मिलिमीटर झाला, तर चार हंगामांनी ०.४ नव्हे, ०.२ होईल. कार्ल वाग्नर यांनी १९३३ मध्ये या मागचा सिद्धांत पूर्ण केला. पण या सगळ्याची एक अट आहे, थर जागेवर राहिला पाहिजे. दर हंगामात तो गळून पडत असेल तर प्रत्येक वेळी उघडा धातू पहिल्यापासून सुरुवात करतो आणि चार हंगामांत खरोखरच ०.४ चा माल जातो. नळी दुप्पट वेगाने झिजते, तापमान एका अंशाने न वाढता.

१९२३ मध्ये पिलिंग आणि बेडवर्थ या दोघांनी विचारलं, की ऑक्साइडला धातूपेक्षा किती जास्त जागा लागते? मॅग्नेशियमचा ऑक्साइड धातूपेक्षा कमी जागा घेतो, म्हणून तो पृष्ठभाग झाकूच शकत नाही. ॲल्युमिनियमचा थोडी जास्त घेतो आणि नीट झाकतो. क्रोमियमचा दुपटीच्या जवळपास. हा ठोकताळा आज अपुरा समजतात, पण सुरुवात तिथून झाली. जुना भारतीय बॉयलर कायदाही १९२३ चाच होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माझं पोट दोन्हींवर चालत आलंय.

दुपारी १२.१५

पारगावच्या पुलावरून भीमा. चौफुल्याला कलाकेंद्रांच्या पाट्यांखाली गाडी लावून पिठलं-भाकरी. सोलापूर रस्त्यावर ऊन आत्ताच चाळिशीला टेकलंय.

दुपारी १.३०

दौंड तालुक्यातला एक साखर कारखाना. नाव सांगत नाही. पट्टा पडून काही दिवस झालेत. मिलहाऊसमध्ये गोडसर आंबूस वास, आवारात एकही बैलगाडी नाही.

बॉयलर ‘८७ चा’, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ८७ किलो दाबाचा, वाफ ५१५ अंशांची. जुने कारखाने २१ किलो आणि साडेतीनशेच्या आतली वाफ यावर साखर करत आले आणि तिथे सुपरहीटरचे प्रश्न फारसे नव्हते. वीज विकायची म्हणून दाब आणि तापमान चढत गेलं. ६७, ८७, आता ११० आणि ५४० अंश. जळतो तोच बगॅस, म्हणजे उसाचा चोथा.

परमिटवर सह्या, २४ व्होल्टचा दिवा, दारावर एक माणूस कायम बसलेला. मग गुडघ्यांवर आत. सुपरहीटर म्हणजे वरून खाली लोंबणाऱ्या नळ्यांच्या रांगा. नळीच्या आतून वाफ, बाहेरून भट्टीतला ८००-९०० अंशांचा वायू. वायूकडच्या पहिल्या दोन रांगा टी-२२ च्या, म्हणजे सव्वादोन टक्के क्रोमियमच्या. ही नळी स्वतः ५८० ते ६०० अंशांच्या पुढे जाऊ नये, असं धरतात. साध्या लोखंडात ५७० अंशांच्या वर वुस्टाइट नावाचा ऑक्साइड तयार होऊ लागतो. त्यातून लोखंडाचे अणू भराभर बाहेर येतात आणि थर वेगाने जाड होतो. ती वेळ पुढे ढकलायची, म्हणून थोडंसं क्रोमियम.

फोरमन काका माझ्यासोबत आत आलेत. हा बॉयलर पहिल्यांदा पेटला, अग्निप्रदीपनाची पूजा झाली, तेव्हापासून ते इथे आहेत. हातोडीने नळी ठोकून आवाजावरून सांगतात, कुठे पोपडा सुटलाय. मी त्यांच्या मागे डी-मीटर घेऊन. मूळ जाडी ४.५ मिलिमीटर. सरळ भागात ४.१, ४.०, ४.२. खालच्या वळणावर ३.३.

आता ही ३.३ कशाची? बॉयलरमध्ये धातू दोन प्रकारे जातो आणि उपाय उलट असतात. उसाबरोबर माती, वाळू येते. ती राखेसोबत उडून नळ्या घासते. घासलेली नळी एका बाजूने सपाट आणि चकचकीत होते. इथे तसं नाही. इथे वरती राखाडी-पांढरी, मिठासारखी खपली. ती काढली, की खाली पदर पदर सुटणारा काळा-तांबडा पोपडा, नखाने निघेल इतका सैल. नळी जास्त तापून तिचं आयुष्य संपत आलं असतं तर पोपड्याला नळीच्या लांबीला समांतर भेगा पडल्या असत्या आणि नळी फुगली असती. घेर मोजला, फुगलेली नाही.

खपली हा खरा गुन्हेगार. बगॅसमध्ये पोटॅशियम आणि क्लोरीन असतं, ते जळून पोटॅशियम क्लोराइडची वाफ होते आणि नळीवर येऊन जमते. नुसतं हे मीठ ७७० अंशांना वितळतं. पण लोखंडाच्या क्लोराइडबरोबर मिसळलं की मिश्रण ४०० च्या आतही पाझरायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे क्लोरीन पोपड्यातून खाली उतरतो, लोखंडाला धरतो, लोखंडाचं क्लोराइड वाफ होऊन वर येतं, वर ऑक्सिजन भेटला की क्लोरीन लोखंड टाकून मोकळा होतो आणि पुन्हा खाली जातो. क्लोरीन खर्चच होत नाही. जो ऑक्साइड तयार होतो तो धातूला चिकटून नाही, पोकळ जागेत, भुसभुशीत. म्हणून तो राखण करत नाही. डेन्मार्कमध्ये गव्हाचा पेंढा जाळून वीज करणाऱ्यांनाही हेच भोगावं लागलं आणि त्यांनी वाफेच्या तापमानाला आवर घातला.

“हार्वेस्टरचा ऊस वाढला ना मॅडम, तेव्हापासून राख चिकट झालीय,” काका म्हणाले. यंत्र पाचट पुरतं झटकत नाही. आणि पानांत पोटॅशियम-क्लोरीन दांड्यापेक्षा जास्त असतं. भीमाकाठच्या क्षारपड रानातला ऊस असेल तर आणखीच. काकांनी यातलं रसायन वाचलेलं नाही, पण कारण अचूक सांगितलं. माझ्या रिपोर्टात मी ते त्यांच्या निरीक्षणाच्या नावानेच लिहिणार आहे.

दुसरा साथीदार पाणी. बगॅस निम्मा ओला असतो. हिशेब केला तर चिमणीकडे जाणाऱ्या वायूत सुमारे चौथा हिस्सा वाफच असते. इतक्या वाफेत क्रोमियमचा थरही हळूहळू उडून जातो, कारण पाणी आणि ऑक्सिजन मिळून त्याचं वायुरूप संयुग करतात. स्टेनलेस घातलं की सुटलो, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुपारी ४.००

नळीच्या आतली बाजू. वाफसुद्धा पोलादाचं ऑक्सिडेशन करते. आतला थर उष्णता अडवतो, त्यामुळे नळी वाफेपेक्षा आणखी तापते, तापली की थर वेगाने वाढतो, आणि चक्र सुरू राहतं. जास्त वारंवारतेच्या प्रोबने हा थर बाहेरून मोजता येतो, आणि जाडीवरून इतके तास नळी सरासरी किती तापत होती याचा अंदाज बांधता येतो. वाफेचा तापमापक सगळ्या नळ्या जिथे जोडलेल्या असतात त्या हेडरला असतो, नळीच्या वळणाला नाही. आतल्या थराने जी कहाणी सांगितली ती हेडरच्या नोंदीपेक्षा बरीच गरम आहे.

बॉयलर विझला की हा आतला थरही सुटतो आणि कपच्या खालच्या वळणात साचतात. पुढच्या पेटवणीला वाफेची वाट अडते आणि हंगामाच्या पहिल्याच दिवसांत नळी फुटते. लोक म्हणतात, सहा महिने बंद होता, चांगला होता, मग फुटला कसा! मी तीन वळणांची रेडिओग्राफी लिहून दिली आहे.

लॉगशीट चाळल्या. हंगामाच्या शेवटच्या महिन्यात ‘नो केन’, ‘नो केन’, ‘नो केन’. ऊस नाही म्हणून बॉयलर थांबवायचा, ऊस आला की घाईने चढवायचा. प्रत्येक थांब्याला बाहेरचा पोपडा सुटतो, आतला सुटतो. यार्डात गाड्या कमी पडल्याची नोंद शेती विभागाकडे आहे. तिची किंमत सुपरहीटर मोजतो, हे कुठेच लिहिलेलं नाही.

संध्याकाळी ५.१५

चीफ इंजिनियरांच्या केबिनमध्ये.

“थेट टी-९१ टाकतो. नऊ टक्के क्रोमियम. विषय संपला.”

विषय संपत नाही. टी-९१ वाफेच्या बाजूने फार चांगलं आणि उष्णतेत ताणही सोसतं. पण मिठाच्या खपलीखाली क्लोरीन नऊ टक्क्यांची फारशी भीड ठेवत नाही. आणि हे पोलाद लहरी आहे. वेल्डिंगच्या आधी दोनशेच्या वर तापवायचं, नंतर साडेसातशेच्या आसपास ठरल्या वेळेपर्यंत ठेवायचं, तापमान जरा चुकलं तर जोड ठिसूळ किंवा मऊ. ऑफ सीझनमध्ये सगळे चांगले वेल्डर एकाच वेळी सगळ्या कारखान्यांना हवे असतात. टी-२२ वर हात बसलेल्या माणसाला टी-९१ दिलं, तर पोपड्याने मरणारी नळी जोडावर मरेल, एवढंच.

मी सुचवलं ते कमी रुबाबदार आहे. वळणांपुरत्या नळ्या बदला. भट्टीतली हवा एका बाजूला जास्त जाते ती समान करा, म्हणजे वायूचा गरम पट्टा त्याच नळ्यांवर बसणार नाही. नळ्यांवरची राख उडवणारे सूटब्लोअर चालू ठेवा. पाचट जास्त असलेला बगॅस एकदम न घालता मिसळून घाला. आणि ऊस कमी पडत असेल तर पूर्ण विझवण्याऐवजी साठवलेल्या बगॅसवर कमी भाराने धरून ठेवा. शेवटच्या मुद्द्यावर ते हसले. बगॅस विकला तर पैसे येतात. हिशेब त्यांचाही खोटा नाही, पण तो एका वर्षाचा आहे.

संध्याकाळी ६.४५

केडगावच्या बाजूला एका गुऱ्हाळावर थांबले. हे माझं काम नाही, पण दौंड तालुक्यात येऊन गुऱ्हाळ टाळणं जमत नाही. चुलाणात चिपाड, वर काहिलीत रस. काहिलीचं लोखंड साधं असतं आणि तरी कैक वर्षं जातं, कारण आत रस उकळतोय तोवर तळ शंभराच्या थोडा वर, गूळ उतरवायच्या वेळीही ११८ च्या आसपास. खालची ज्वाळा तिच्यापर्यंत पोचते, पण तिला तापवू शकत नाही. चुलाणातल्या बिडाच्या जाळीचे मात्र हाल कुत्रा खात नाही.

“ताई, हिला काय करावं? दरसाल वाकती,” मालकांनी विचारलं. त्यांना सगळे नाना म्हणतात.

“नाना, राख रोज काढता?”

“दोन दिसांनी.”

राखेचा ढीग जाळीला टेकला की खालून येणारी हवा अडते. त्या हवेनेच जाळी थंड राहते. राख रोज काढा, महाग बिडाचा विचार नंतर करा. आणखी एक विचारलं, चिपाडाशिवाय काय जाळता? तालुक्यात काही गुऱ्हाळांवर टायर, प्लॅस्टिक जाळतात अशा तक्रारी पेपरात येत असतात. प्लॅस्टिकमध्ये पीव्हीसी असलं तर तेच क्लोरीन आलं, जाळीला आणि माणसाच्या छातीलाही. नाना म्हणाले, “आपल्याकडं नाही हां.” चुलाणाच्या तोंडाशी फक्त चिपाड होतं, एवढं मी पाहिलं.

वाटीभर काकवी घेतली.

रात्री ९.००

दौंडमधल्या लॉजची खोली, पंख्याखाली लॅपटॉप. रांजणगावच्या युनिटकडून मेसेज आलाय. दोन थर्मोकपलांत अठरा अंशांचा फरक, जुनं कमी दाखवतंय. म्हणजे ९२० म्हणत भट्टी ९३८ ला चालली होती. बास्केटचा कोपरा लवकर गेला त्याचं हेही एक कारण असणार. जुन्याच्या दोन्ही तारा काढून पाठवायला सांगितल्या.

कारखान्याचा रिपोर्ट सुरू केला. ‘उरलेलं आयुष्य’ हा रकाना भरताना मी नेहमी अडते. नियमांत उच्च तापमानाच्या भागांसाठी एक लाख तासांनंतर सखोल तपासणीचा टप्पा सांगितलेला आहे. दीडशे दिवसांचा हंगाम धरला तर वर्षाला ३६०० तास, म्हणजे लाख तास भरायला सत्तावीस-अठ्ठावीस हंगाम. कारखाने निर्धास्त राहतात ते या भागाकारामुळे. तो टप्पा वर्षभर एकसारख्या चालणाऱ्या वीजकेंद्राला शोभतो. दर हंगामात शेवटी थांबत-चढत जाणाऱ्या, मीठ जाळणाऱ्या बॉयलरला तासांइतकेच थांबेही मोजायला हवेत. १९२३ चा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. नियमावलीत कधीतरी थांब्यांचा रकाना येवो, अशी माझी इच्छा आहे.

चीफ इंजिनियरांचा मेसेज, ‘किती वर्षं लिहिताय?’ संचालक मंडळापुढे त्यांना एक आकडा हवा आहे, आणि त्यांची अडचण मला कळते. मी लिहिलं, पहिल्या दोन रांगांची खालची वळणं येत्या हंगामाआधी बदलावीत. उरलेल्या नळ्यांचा आकडा गेल्या पाच हंगामांतल्या थांब्यांची यादी आणि प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर.

कापून आणलेला नळीचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळायच्या आधी त्यावर पेंटने खुणा केल्या. वायूची बाजू, वाफ वाहण्याची दिशा, रांग, नळीचा क्रमांक. खपली निघू नये म्हणून वरून प्लॅस्टिकची पिशवी, तोंड टेपने बंद. ही खपली दमट हवेत ओलावा ओढते आणि मग आतलं क्लोराइड जागा बदलतं. उद्या सकाळी पहिल्या कुरिअरने पुण्याला.